दोन जिवांची बाई आणि किरणांचे शतक

आजचा विषय जरा अवघड आहे, आणि तो मांडणारा माणूस वैद्यकशास्त्रातला नाही. मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानातला. माझ्या डॉक्टरेटने आजवर कुणाचा ताप उतरलेला नाही. पण काही प्रश्न असे असतात की ते दवाखान्यात जन्मतात आणि तिथे मावत नाहीत. गरोदर बाईला कॅन्सर झाला, त्यावर किरणांचे उपचार करायची वेळ आली, तर पोटातल्या बाळाचे काय करायचे, हा तसा प्रश्न आहे. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींप्रमाणे हजारातल्या साधारण एका गरोदरपणात कॅन्सर निघतो. हजारात एक म्हणजे फार नाही, असे वाटेल. २०११च्या जनगणनेत जळगाव आणि धुळे हे दोन जिल्हे मिळून साठ लाखांवर लोक होते. इथे वर्षाला किती पाळणे हलतात त्याचा अंदाज घ्या आणि मग हजारात एकाचा हिशेब करा.

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. गरोदर बाईला आपण 'दोन जिवांची' म्हणतो. 'ती दोन जिवांची आहे, तिला जड उचलू देऊ नका.' हे रोजचे बोलणे आहे, आणि त्यात एक मोठा विचार दडलेला आहे. 'डोहाळे' हा शब्द घ्या. तो संस्कृतातल्या 'दोहद'वरून आला. सुश्रुताने शारीरस्थानात म्हटले आहे की चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय प्रकट होते, म्हणून त्या बाईला दोन हृदयांची म्हणतात. तिला जे खावेसे वाटते ते त्या दुसऱ्या हृदयाचेही मागणे असते. भाषाशास्त्रज्ञ या व्युत्पत्तीवर वाद घालतील, घालू द्या. आपल्या कामाचे एवढेच की एका शरीरात दोन इच्छा असू शकतात ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे.

त्याच सुश्रुताने अडलेल्या बाळंतपणाबद्दलही लिहिले आहे. गर्भ जिवंत असेल तर त्यावर शस्त्र चालवू नये, कारण त्यात आई आणि मूल दोघेही जातात. गर्भ मेलेला असेल तर मात्र क्षणभरही थांबू नये, नाहीतर आई जाते. आणि हे काम हाती घेण्याआधी वैद्याने परवानगी घ्यावी. कुणाची? 'अधिपती'ची. म्हणजे राजाची म्हणा, नाहीतर धन्याची, पण जिच्या पोटात हे सगळे चालले आहे तिची नव्हे. हा मुद्दा बाजूला ठेवा, पुढे लागणार आहे.

आता युरोपात जाऊ. ८ नोव्हेंबर १८९५ला रॉन्टगेनला क्ष-किरण सापडले. डिसेंबरात त्याने आपल्या बायकोच्या हाताचे चित्र काढले; हाडे आणि बोटातली अंगठी. १८९८मध्ये क्युरी नवरा-बायकोला रेडियम सापडले. त्यानंतरची पाच-दहा वर्षे ही भाबड्या उत्साहाची वर्षे आहेत. किरण सगळे बरे करतील असे लोकांना वाटत होते. १९०३मध्ये न्यूयॉर्कच्या मार्गारेट क्लीव्ज नावाच्या डॉक्टरबाईंनी गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर रेडियम लावून पाहिले आणि त्याचा वृत्तान्त छापला. त्याच १९०३च्या ऑगस्टमध्ये मारी क्युरींचा पाचव्या महिन्यात गर्भपात झाला. त्यांनी दोष स्वतःच्या अतिश्रमाला दिला. आज आपण त्या घटनेकडे वेगळ्या नजरेने बघतो, तरी नेमके कारण कोणते हे त्या एका घटनेवरून सिद्ध करता येत नाही. पण जिने जगाला रेडियम दिले, तिच्या मनात ती शंका पुढे आलेली दिसत नाही, ही गोष्ट त्या काळाबद्दल बरेच सांगते.

शंका यायला आधार मिळाला तो १९०६मध्ये. फ्रान्समध्ये बर्गोनिए आणि ट्रिबोंदो या दोघांनी उंदरांच्या वृषणांवर प्रयोग करून एक नियम मांडला: ज्या पेशी भराभर विभागतात आणि ज्यांचे पुढे काय व्हायचे ते अजून ठरलेले नाही, त्यांना किरण जास्त मारतात. कॅन्सरवर किरण का चालतात, याचे उत्तर या एका वाक्यात आहे. आता तुम्हीच सांगा, भराभर विभागणाऱ्या आणि अजून काहीच न ठरलेल्या पेशींचा शरीरातला सर्वांत मोठा गोळा कोणता? गर्भ. जे शस्त्र गाठीवर चालते ते त्याच कारणाने बाळावर चालते. शत्रू आणि बाळ दोघांची ओळख किरणांना सारखीच पटते. मला विचाराल तर या सबंध इतिहासाची गाठ इथे आहे, बाकी सगळा ती सोडवण्याचा प्रयत्न.

दुर्दैव असे की रेडियमचे पहिले मोठे यश ज्या कॅन्सरवर मिळाले, तो गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. रेडियमच्या नळ्या ठेवायच्या तिथेच, बाळाच्या उंबरठ्यावर. कधी गरोदरपण ठाऊक असून, कधी ठाऊक नसताना अशा बायकांवर उपचार झाले. काही मुले जन्मली आणि जगली. फिलाडेल्फियात गोल्डस्टीन आणि मर्फी या दोन डॉक्टरांनी अशी विखुरलेली प्रकरणे गोळा केली, डॉक्टरांना पत्रे पाठवून माहिती मागवली आणि १९२९मध्ये निष्कर्ष छापले. गरोदरपणात ओटीपोटावर किरण घेतलेल्या आयांच्या मुलांमध्ये डोके लहान राहण्याचे, बुद्धी खुंटण्याचे प्रमाण धक्कादायक होते. गर्भधारणेच्या आधी किरण घेतलेल्या आयांच्या मुलांत तसा प्रकार दिसला नाही. दोन गट समोरासमोर ठेवले, म्हणून प्रश्नाचे उत्तर निघाले. फिलाडेल्फिया म्हटल्यावर मराठी माणसाला आनंदीबाई जोशी आठवणारच. १८८६मध्ये त्याच शहरात त्या पदवीधर झाल्या आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्यांचे प्रसूतिशास्त्र. म्हणजे मघाचा सुश्रुत आणि हे गोल्डस्टीन-मर्फी, दोघांचा पत्ता एकाच गावी मिळतो. योगायोग आहे, त्याला जास्त अर्थ चिकटवायचे कारण नाही, पण मला सांगावासा वाटला.

आपल्याकडे हे शास्त्र आले ते परळला. लेडी मेहेरबाई टाटा १९३१मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, पुढच्याच वर्षी सर दोराबजी गेले. त्यांच्या ट्रस्टच्या पैशातून २८ फेब्रुवारी १९४१ला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. १९६२मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे गेले. परदेशी पाहुण्यांना याचे नवल वाटते की आमचे सर्वांत मोठे कॅन्सर रुग्णालय आरोग्य खात्याखाली नसून अणुशक्तीवाल्यांकडे आहे. किरणांचे गणित करणारी माणसे आणि रोगी तपासणारी माणसे एका छत्राखाली आली, ते एका दृष्टीने बरेच झाले. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने कोबाल्टचे उपचारयंत्र देशातच बनवले, भाभाट्रॉन. लहान गावच्या रुग्णालयांना परवडावे म्हणून.

आपल्या लोकांसाठी मात्र कॅन्सर म्हणजे अजूनही गाडी. भुसावळ-जळगावकडचे मेन लाइनवरून, धुळ्याचे चाळीसगावला येऊन. मग दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, नाहीतर परळचा फूटपाथ. किरणोपचाराला आपली माणसे 'शेक' म्हणतात, 'लाइट घेणे' म्हणतात. हा शेक आठवड्याचे पाच दिवस, पाच-सहा आठवडे चालतो. कापूस वेचणीला आला असताना किंवा केळीचे घड कापायचे असताना घरातली दोन माणसे पाच आठवडे मुंबईला राहणे म्हणजे काय, हे रावेर-यावलकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. आणि बाई गरोदर असेल तर या सगळ्या दिरंगाईला आणखी एक कॅलेंडर जोडले जाते, पोटातले.

ते कॅलेंडर माणसाला कुठून कळले? हिरोशिमा आणि नागासाकीतून. ६ आणि ९ ऑगस्ट १९४५. त्या दिवशी ज्या आयांच्या पोटात मुले होती, त्यातल्या सुमारे सोळाशे मुलांचा पुढे वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. त्यात तीसच्या आसपास मुले गंभीर मतिमंद निघाली. नुसते एवढेच असते तर ती आणखी एक भयंकर बातमी झाली असती. पण ओताके आणि शल या संशोधकांनी १९८४मध्ये ती मुले स्फोटाच्या दिवशी किती आठवड्यांची होती ते मांडले, तेव्हा एक रेघ स्पष्ट दिसली. आठव्या ते पंधराव्या आठवड्यात सापडलेल्या मुलांना सर्वांत जास्त फटका. सोळा ते पंचवीस आठवड्यांत कमी. आठच्या आधी आणि पंचविसाच्या नंतर या प्रकारची इजा आढळली नाही. आठ ते पंधरा आठवड्यांत मेंदूच्या पेशी तयार होऊन आपापल्या जागी सरकत असतात. त्या सरकण्यातच किरण आडवे येतात. आईच्या पोटात मेंदूचे घर बांधले जाते तो काळ कोणता, हे आपल्याला एका युद्धगुन्ह्याने शिकवले. या ज्ञानाचा उपयोग करताना त्या मुलांची आठवण ठेवणे एवढे तरी आपण करू शकतो.

जपानच्या नोंदी जमत असतानाच अमेरिकेत लियान रसेल नावाच्या बाई उंदरांवर काम करत होत्या. व्हिएन्नाहून नाझींपासून पळून आलेल्या. गर्भाच्या कोणत्या दिवशी किरण दिले की कोणता अवयव बिघडतो, याचा तक्ताच त्यांनी बनवला. आणि त्यावरून १९५२मध्ये सुचवले की बाईच्या ओटीपोटाची तातडीची नसलेली क्ष-किरण तपासणी पाळीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत करावी, कारण तेव्हा ती गरोदर असण्याचा संभव नसतो. पुढे यालाच दहा दिवसांचा नियम म्हणू लागले, आणखी पुढे तो सैलही झाला. साधी गोष्ट आहे, पण त्यामागचा विचार बघा. बाईला स्वतःलाच अजून माहीत नाही अशा जिवाची काळजी घेण्याचा तो नियम होता.

आणि ऑक्सफर्डमध्ये ॲलिस स्टुअर्ट. त्यांनी कॅन्सरने गेलेल्या लहान मुलांच्या आयांना प्रश्न विचारले, आणि धडधाकट मुलांच्या आयांनाही तेच प्रश्न विचारले. खाणे, आजार, राहणे, सगळे. उत्तरांतून एकच फरक ठळक निघाला: कॅन्सर झालेल्या मुलांच्या आयांनी गरोदरपणात पोटाचा एक्स-रे काढल्याचे प्रमाण जवळपास दुप्पट होते. १९५६मध्ये हे छापले. तेव्हा बाळ जुळे आहे का, आईचा कटिबंध पुरेसा रुंद आहे का, हे बघायला सर्रास एक्स-रे काढत. डॉक्टरमंडळी चिडली. म्हणाली, मूल गमावलेली आई काहीही आठवते, तिच्या आठवणीवर शास्त्र उभारायचे का? १९६२मध्ये मॅकमॅहन यांनी अमेरिकेत आयांना न विचारता थेट रुग्णालयांची दप्तरे तपासली, आणि मुलांमधल्या कॅन्सरची वाढ तिथेही दिसली. आईची आठवण खरी होती. मी तर्कशास्त्र शिकवताना साक्षीच्या प्रामाण्याबद्दल बोलायचो. शब्दप्रमाण मानायचे का, केव्हा मानायचे, यावर न्यायदर्शनात पानेच्या पाने आहेत. तिथे आप्तवचन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ऋषी येतात. स्टुअर्टबाईंनी शोकातल्या आईला आप्त मानले, ही ज्ञानशास्त्रातलीही घटना आहे असे मला वाटते.

पण भीतीलाही माप हवे. १९८६मध्ये चेर्नोबिलची दुर्घटना झाली. तिथून दूर ग्रीसमध्ये गर्भांना पोहोचलेली मात्रा अगदी नगण्य होती. तरी संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे तिथे अडीच हजारांच्या आसपास हव्या असलेल्या गर्भांचे गर्भपात झाले, निव्वळ घबराटीने. आपल्याकडेही हे घडते. छातीचा एक एक्स-रे काढला आणि नंतर कळले दिवस गेलेत, की लगेच सल्ला मिळतो, 'रिस्क नको, खाली करून टाका.' छातीच्या एक्स-रेत गर्भाला पोहोचते ती मात्रा एका मिलिग्रेच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २०००मध्ये स्पष्ट सांगितले की शंभर मिलिग्रेच्या खालच्या मात्रेसाठी, केवळ किरणांचे कारण देऊन, गर्भपात योग्य ठरत नाही. दहा हजार पटींचा फरक आहे हा. आणि हा सल्ला ज्या जिल्ह्यात दिला जातो तो जळगाव जिल्हा, जिथे २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयातल्या मुलींचे प्रमाण राज्यातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक होते. गर्भाची काळजी आपण कधी आणि कुणाची करतो, हा प्रश्न मी इथे नुसता ठेवतो.

आता उपचाराच्या खोलीत जाऊ. शंभर मिलिग्रे म्हणजे एका ग्रेचा दहावा भाग. कॅन्सरवरच्या उपचारात गाठीला चाळीस, पन्नास, कधी साठ-सत्तर ग्रे द्यावे लागतात. पन्नास ग्रे छातीला दिले आणि त्यातला पाचशेवा हिस्सा बाळापर्यंत गेला की आपण त्या सीमेवर आलो. हा हिस्सा पोहोचतो तीन वाटांनी. एक, यंत्राच्या डोक्यातून झिरपणारे किरण. दोन, किरणांना आकार देणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवरून उडालेले. तीन, आईच्याच शरीरात आपटून विखुरलेले. पहिल्या दोन वाटा शिशाने अडवता येतात. एक्स-रेच्या खोलीतला तो शिशाचा ॲप्रन इथे कामाचा नाही. इथे पाच-सहा सेंटिमीटर जाडीचे शिसे लागते. ते बाईच्या पोटावर ठेवता येत नाही, वजनाने चिरडेल. म्हणून पलंगावर पुलासारखी चौकट उभारतात आणि त्यावर शिशाच्या लाद्या रचतात. १९९५मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने यावर सविस्तर अहवाल काढला, त्यात किरणांच्या आकडेमोडीबरोबर हेही आहे की ती चौकट कोसळून आई जखमी होऊ नये याची खात्री करा. मला तो अहवाल त्या सूचनेमुळे आवडतो. अशा शिशाने गर्भाची मात्रा साधारण निम्म्यावर आणता येते.

तिसरी वाट अडवता येत नाही. आईच्या शरीरातून जे किरण विखुरतात ते शरीराच्या आतूनच बाळाकडे जातात. मध्ये शिसे कुठे ठेवणार? आईच बाळाचे घर, आणि आईच किरणांचा रस्ता.

यातून एक विचित्र पेच तयार होतो. पहिल्या तीन महिन्यांत बाळ सर्वांत नाजूक असते, पण गर्भपिशवी ओटीपोटात खोल, छातीपासून लांब असते. मात्रा कमी पोहोचते. शेवटच्या महिन्यांत बाळ बरेच कणखर झालेले असते, पण पिशवी वर बरगड्यांना टेकलेली असते. मात्रा कितीतरी पटींनी वाढते. म्हणून स्तनाच्या कॅन्सरात आज बहुतेक डॉक्टर किरण बाळंतपणानंतर देतात. शस्त्रक्रिया मध्येच करतात, औषधाचे उपचार पहिले तीन महिने उलटल्यावर सुरू करतात. मेंदूतली गाठ असेल, मानेतली असेल, तर अंतर पुरेसे असते, किरण देता येतात. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९९२मध्ये हॉजकिन नावाच्या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या सोळा गरोदर बायकांची हकीकत छापली. पोटावर शिसे ठेवून, छाती-मानेलाच किरण दिले. सोळाही मुले धड जन्मली. त्यातली एक नोंद आपल्या देशासाठी महत्त्वाची: कोबाल्टच्या यंत्रावर उपचार झालेल्या बायकांच्या गर्भाला नव्या यंत्रापेक्षा जास्त मात्रा मिळाली होती. आपल्या गरीब रुग्णालयांचा आधार कोबाल्टच आहे. म्हणजे बाळाचे रक्षण किती होईल हे काही अंशी आई कोणत्या गावच्या रुग्णालयात पडली आहे त्यावर ठरते.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. शाळामास्तर आहे. बायकोला पाचवा महिना, स्तनात गाठ निघालेली. तालुक्याच्या गावी कुणीतरी त्याला सांगितले होते, आधी मूल काढा, मग बघू. त्याने मला विचारले, "सर, तत्त्वज्ञानात याला उत्तर आहे का, आधी कोण?" मी म्हटले, तत्त्वज्ञान नंतर, आधी मुंबईची गाडी पकड. तिथे कळले की त्याचा प्रश्नच चुकीचा मांडला गेला होता. तिच्या बाबतीत 'आधी कोण' असे नव्हतेच, 'आधी काय' असे होते. ऑपरेशन झाले, औषध झाले, मुलगी झाली, मग शेक. आता ती मुलगी बालवाडीत जाते. बेल्जियमच्या आमां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५मध्ये अशा १२९ मुलांचा अभ्यास छापला. त्यातल्या अकरा मुलांच्या आयांना गरोदरपणी किरणही मिळाले होते, बहुतेकांना औषधे. बाकी मुलांशी तुलना केली तर वाढीत उणेपणा आढळला नाही. जिथे आढळला तो वेळेआधी जन्मण्याशी जोडलेला होता. म्हणजे घाबरून बाळ लवकर काढणे हाही एक अपाय आहे.

पण एक जागा उरते जिथे पेच खराच आहे. गर्भपिशवीच्या तोंडाचा वाढलेला कॅन्सर. इथे किरण थेट बाळातूनच जातात, पंचेचाळीस-पन्नास ग्रे. शिसे नाही, अंतर नाही. गर्भ त्यातून वाचत नाही. महिने भरत आले असतील तर थोडे थांबून मूल बाहेर काढून मग उपचार करता येतात. चौथाच महिना असेल तर?

नवल म्हणजे तत्त्वज्ञांनी हेच उदाहरण शतकभर वापरले आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्विनासने स्वसंरक्षणाबद्दल लिहिताना म्हटले की एका कृतीचे दोन परिणाम असू शकतात, एक हेतूतला आणि एक हेतूबाहेरचा. कॅथलिक विचारवंतांनी त्यातून 'दुहेरी परिणामा'चा सिद्धान्त बांधला. त्यांचे ठरलेले उदाहरण: गरोदर बाईची कॅन्सर झालेली गर्भपिशवी काढणे. मूल मरणार हे माहीत आहे, पण मारणे हा हेतू नाही, म्हणून चालते. १९६७मध्ये फिलिपा फूट यांनी या सिद्धान्ताची चिकित्सा केली. आज सगळ्या महाविद्यालयांत शिकवतात ते ब्रेक निकामी झालेल्या ट्रामचे कोडे त्या निबंधातून आले. पोरांना ट्राम पाठ असते, ती गर्भपाताच्या चर्चेतून सुटलेली आहे हे माहीत नसते.

माझे मत सांगतो. वाढलेल्या कॅन्सरात हा सिद्धान्त डॉक्टरच्या मनाला आधार देतो, त्याची किंमत मी कमी करणार नाही. पण तो फक्त मरण ओळखतो. पाच शतांश ग्रे मिळालेले मूल मरत नाही. त्याला पुढे कधीतरी कॅन्सर होण्याची शक्यता थोडी वाढते. असा बारीक, लांबवर पसरलेला धोका कुणी, कुणासाठी पत्करायचा, याला हेतू आणि परिणामाच्या जुन्या तराजूत जागाच नाही. दुसरे म्हणजे, या जुन्या उदाहरणात ती बाई नुसती पडून असते. चर्चा डॉक्टर आणि धर्मगुरू करतात. सुश्रुताचा अधिपती आठवतो ना? १९७१मध्ये अमेरिकेत ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी तिच्या जागी वाचकालाच झोपवले आणि विचारले, आता बोला.

त्याच १९७१मध्ये आपला वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. त्याआधी १९६४मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह, महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री. त्या कायद्यात दोन गोष्टी आहेत ज्या आजच्या विषयाला थेट लागतात. बाईचा जीव वाचवायला तातडीने आवश्यक असेल तर आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. आणि सज्ञान बाईची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. २०२१च्या दुरुस्तीने मर्यादा वाढल्या, पण हा गाभा तोच राहिला. पन्नास वर्षे होऊन गेली. किती घरांत हे माहीत आहे? आमच्याकडे अजून सासऱ्याला विचारतात. आणि उलटेही घडते: तिला बाळ हवे असते, उपचार काही आठवडे लांबवायची तिची तयारी असते, आणि घरचे परस्पर ठरवून टाकतात की आधी खाली करा. अमळनेरला १९१६मध्ये प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर काढले, तिथे देशभरचे विद्वान आत्म्याच्या स्वातंत्र्यावर वाद करायचे. त्या गावच्या बाईला स्वतःच्या पोटाबद्दल बोलायचे स्वातंत्र्य किती, हा प्रश्न त्याच वादाचा भाग आहे असे मी मानतो.

ज्या कॅन्सरात पेच खरा, तोच कॅन्सर आधी ओळखता येतो, ही यातली दिलाशाची गोष्ट. आणि ते आपल्याच राज्यात सिद्ध झाले. बार्शीला १९८७पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू आहे, देशातली पहिली. तिथल्या नर्गिस दत्त रुग्णालयाने टाटा रुग्णालयाबरोबर, आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मदतीने, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या सुमारे एक लाख एकतीस हजार बायकांचा अभ्यास केला. २००९मध्ये निष्कर्ष आला: विषाणूची एकदाच केलेली तपासणी या कॅन्सरचे मरण जवळपास निम्म्यावर आणते. मराठवाड्यातल्या खेड्यांतल्या बायकांनी जगाला दिलेले हे ज्ञान आहे, त्यांची नावे कुठे छापलेली नाहीत. गरोदरपणात अंगावर लाल जाते तेव्हा घरी आणि कधी दवाखान्यातही ते बाळाच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. एकदा आत नीट बघितले तर त्यातल्या काही बायकांचा रोग पुढे जाण्याआधी सापडेल.

शेवटी एका पाटीबद्दल सांगतो. एक्स-रेच्या खोलीबाहेर पाटी असते: गरोदर असाल तर आधी सांगा. अणुऊर्जा नियामक परिषदेने ती लावायला सांगितलेली आहे. चांगली पाटी आहे. पण बाकावर शेजारी सासू बसलेली, समोर दीर उभा, तंत्रज्ञ तरुण मुलगा, आणि तो मोठ्याने विचारतो, 'पाळी कधी आली होती?' बाई मान खाली घालते आणि म्हणते, 'नाही तसे काही.' मी काही ठिकाणी पाहिले आहे, आतल्या खोलीत नर्स एकटीला घेऊन जाते, हळू विचारते, आणि शंका असली तर लघवीची तपासणी तिथेच करते. दोन मिनिटांचे काम आहे. धुळ्या-जळगावातल्या ज्या डॉक्टरांनी हे व्याख्यान लावले असेल, त्यांच्याकडे हे कसे चालते ते मला ऐकायला आवडेल. आता प्रश्न घेऊ.